रंग बदलणारे चाकू घेताना
रंग बदलणाऱ्या चाकूंच्या जादूसाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले साधे खिशातले चाकू घेऊन घरीच रंगवले तर चालतील का, असं एकाने विचारलंय. नको हो, रंगाचे टवके उडतात आणि क्लोज-अपमध्ये, म्हणजे अगदी जवळून दाखवायच्या जादूत, समोरचा माणूस हातभर अंतरावर असतो, त्याला सगळं दिसतं. तयार सेटच घ्या, पण आधी विचारून घ्या की दुरंगी (दोन बाजूंना दोन रंग असलेल्या) चाकूबरोबर दोन्ही बाजूंनी एकाच रंगाचा जोडीदार येतो का, कारण शेवटी प्रेक्षकाच्या हातात तपासायला तोच द्यायचा असतो, नुसता दुरंगी मिळाला तर पंचाईत. मूठ दोन्ही बाजूंनी सारखीच गोलसर हवी, एखाद्या रिव्हेटचं डोकं वर आलेलं असेल तर अंगठा आणि तर्जनीत फिरवताना तिथेच अडतं आणि मूव्ह, म्हणजे चाकूची बाजू गुपचूप पालटायची हालचाल, कळते. रंग ठळक वेगळे घ्या, किनाऱ्यावरच्या शॅकमधल्या पिवळ्या उजेडात लाल आणि केशरी एकच वाटतात. स्पेनचा जादूगार आस्कानियो याचं चाकूंचं काम जरूर बघा, काय तो सावकाशपणा! आपल्याकडे खाऱ्या हवेत पातं लगेच गंजतं, पावसाळ्यात तेलाचं बोट फिरवून ठेवा. आणि दाबोळी किंवा मोपावरून विमानाने जाणार असाल तर चाकू चेक-इन बॅगेतच.