फ्रीझर पुरेसा गार होत नाही: गॅस भरण्याआधी काय काय तपासलंत? अनुभव लिहा

धागाकर्ती, पुणे

आइसक्रीम डब्यात मऊ पडायला लागलं, मटारचे दाणे एकमेकांना चिकटून ढेकूळ झालं, की घरात पहिलं वाक्य येतं: "गॅस गेला असणार." मेकॅनिकला फोन जातो, तो गॅस भरून पैसे घेऊन जातो आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच सुरू. फ्रिजचा गॅस बंद नळ्यांमधून फिरत राहतो, वापरून संपत नाही. कमी झालाच असेल तर कुठेतरी गळती आहे आणि ती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने निघून जाणार. शिवाय कितीतरी वेळा गॅस जागच्या जागी असतो आणि दोष दाराच्या रबरात, पंख्यात, विजेच्या दाबात किंवा फ्रिज ज्या कोपऱ्यात ठेवलाय तिथे असतो. लोकांचे पैसे यात विनाकारण जातात याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हा धागा.

लिहिताना एवढं सांगा: फ्रिज कुठल्या प्रकारचा (बटण दाबून बर्फ वितळवायचा सिंगल डोअर, आपोआप बर्फ वितळवणारा फ्रॉस्ट फ्री डबल डोअर, की आडवा डीप फ्रीझर), लक्षणं काय होती आणि शेवटी दोष कुठे निघाला. कंपन्यांची नावं नकोत.

सुरुवात मी करते. "बर्फ तर जमतोय की" हा फ्रीझर ठीक असल्याचा पुरावा नाही. पाणी शून्य अंशाला गोठतं. अन्न महिनोन् महिने टिकवायचं तर उणे १८ लागतं. उणे ६ ला ट्रेमध्ये बर्फाचे खडे व्यवस्थित पडतात, पण त्याच फ्रीझरमधलं आइसक्रीम चमचा लावताच पसरतं, कारण त्यात साखर असते. म्हणून आधी फ्रीझरचा साधा थर्मामीटर आणला. तो दोन पाकिटांच्या मधे रात्रभर ठेवायचा आणि सकाळी दार पहिल्यांदा उघडताच वाचायचा. दिवसभर उघडझाप चालू असताना घेतलेल्या आकड्यात अर्थ नसतो.

आमचा काटा उणे ८ च्या आसपास अडकला होता. दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. तिन्ही बाजूंना पट्टी अडली, बिजागरीच्या खालच्या कोपऱ्यात मात्र अलगद निघाली. तिथलं रबर आत दुमडलेलं होतं आणि त्याच कोपऱ्यात आतून भुसभुशीत बर्फ साठत होता. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसलं, हेअर ड्रायरच्या मंद हवेने मऊ केलं, दुमड बाहेर ओढून दार घट्ट बंद ठेवलं. रबर चिरलेलं नव्हतं म्हणून एवढ्यावर भागलं. फाटलेलं असेल तर बदलण्यावाचून इलाज नाही.

डोंबिवली, घरगुती ऑर्डरी घेते

माझा फ्रॉस्ट फ्री डबल डोअर आहे आणि गणपतीच्या आधी त्यात खोवलेला नारळ, सारण, मोदक सगळं असतं. यात गारवा फ्रीझरच्या भिंतींतून येत नाही. मागच्या पॅनलच्या आड कॉइल, म्हणजे गार होणाऱ्या नळ्यांचं वेटोळं असतं आणि पंखा तिथली हवा जाळीतून पुढे ढकलतो. नारळाच्या पिशव्या त्या जाळीला टेकल्या की पुढचं सामान गार होत नाही, मागच्या पिशव्या मात्र दगड होतात. मागे कडक आणि पुढे मऊ असं दिसलं तर पहिल्यांदा जाळीपुढे चार बोटं जागा मोकळी करून बघा.

दुसरं दोन नॉबचं. फ्रीझरमधला नॉब फिरवला की जास्त थंडी "तयार होते" असं बहुतेकींना वाटतं. माझ्यासारख्या पुष्कळ मॉडेलमध्ये एक नॉब कॉम्प्रेसर कधी चालू-बंद व्हायचा ते ठरवतो आणि दुसरा फक्त हवा वर किती ठेवायची, खाली किती सोडायची ते. दोन्ही बदलून लगेच दार उघडून बघण्यात काही कळत नाही. एकच बदला आणि पुरा एक दिवस जाऊ द्या.

आणि फ्रीझरला एका वेळी किती काम देतो तेही बघा. बऱ्याच फ्रीझरच्या माहितीपत्रकात २४ तासांत किती किलो गोठवता येईल ते लिहिलेलं असतं. आमरसाचे सगळे डबे एकाच दुपारी आत गेले तर आधीचं सामानही मऊ पडणारच. मी मोदक पूर्ण निवल्यावर ताटात एका थरात गोठवते, मग पिशवीत भरते.

सांगली, फ्रिज-एसीचं काम करतो

ताईंनी हवेचं सांगितलं ते अगदी बरोबर. फ्रॉस्ट फ्रीमधला मला सर्वांत जास्त सापडणारा दोष त्याच हवेचा आहे, आणि त्याच्यावरच सर्वांत जास्त वेळा उगीच गॅस भरला जातो.

लक्षणांचा क्रम लक्षात ठेवा. आधी खालचा कप्पा गरम होतो, दूध नासतं, भाजी सुकते. फ्रीझर तेव्हा बरा असतो, म्हणून कुणी फार मनावर घेत नाही. मग फ्रीझरही मऊ पडू लागतो. कधी पंख्याची खरखर ऐकू येते, कारण पाती बर्फाला घासतात. मागच्या पॅनलवर आतून पांढरा थर दिसू लागतो. आत काय झालेलं असतं, तर कॉइलवर रोज थोडं दव गोठतं आणि ते ठरावीक वेळाने हीटर लावून वितळवायची सोय असते. ती सोय बंद पडली की कॉइल बर्फात गाडली जाते आणि पंख्याला ओढायला हवाच उरत नाही. कॉम्प्रेसर धडधडतोय, गॅस पूर्ण आहे, तरी थंडी बाहेर येत नाही.

घरी करायची परीक्षा सोपी आहे. सामान दुसरीकडे हलवा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून पुरे २४ तास सोडा, खाली फडकी पसरा. पुन्हा चालू केल्यावर फ्रिज नव्यासारखा गार झाला आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी तीच रड आली, तर दोष डीफ्रॉस्टचा, म्हणजे बर्फ वितळवायच्या सोयीचाच आहे. गॅस खरंच कमी असता तर बर्फ वितळवून फरक पडला नसता.

मग बघायचं हीटर, बायमेटल (गारव्याप्रमाणे हीटरची जोडणी करणारा-तोडणारा स्विच), थर्मल फ्यूज (फार तापलं तर हीटर तोडणारा) आणि टायमर (डीफ्रॉस्टची वेळ लावणारा). नव्या मॉडेलमध्ये टायमरऐवजी सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक कार्ड असतं. हीटर मीटरवर साधारण काहीशे ओहम दाखवतो, काहीच दाखवत नसेल तर तुटलाय. बायमेटलच्या बाबतीत मात्र नवखी मुलं फसतात. ते खोलीच्या तापमानाला मीटरवर उघडंच दिसतं, कारण गार झाल्यावर जोडणी करायची हेच त्याचं काम. बर्फात मीठ घालून त्यात ते थोडा वेळ बुडवावं, टक् वाजून जोडणी दाखवली तर तो भाग चांगला आहे. हे न करता चांगले बायमेटल फेकून दिलेले मी पाहिलेत.

गॅस भरायची वेळ खरोखर आलीच तर मेकॅनिकला चार गोष्टी विचारा. राग आला तरी विचारा. गळती कुठे सापडली? ओलावा शोषणारा फिल्टर नवा टाकणार का? व्हॅक्यूम करणार का, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा ओढून काढणार का? गॅस काट्यावर मोजून भरणार का? नळी एकदा उघडली की आत ओलावा जातो आणि तो केशनळीत, म्हणजे गॅसच्या अगदी बारीक नळीत, गोठून वाट बंद करतो. म्हणून फिल्टर आणि व्हॅक्यूम टाळायचा नाही. हल्लीच्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, तोही बहुधा शंभर ग्रॅमपेक्षा कमीच. तो अंदाजाने भरता येत नाही. शिवाय तो पेट घेतो, त्यामुळे खिडक्या बंद असलेल्या स्वयंपाकघरात नळीला टॉर्च लावू देऊ नका. या गॅसवर चालताना कॉइलच्या बाजूचा दाब बहुधा बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून त्या बाजूला भोक पडलं तर गॅस बाहेर यायच्या आधी बाहेरची दमट हवाच आत ओढली जाते.

अमरावती

आमच्याकडचा प्रकार वेगळा. मे महिन्यात फ्रीझर दुपारी ढिला पडायचा आणि पहाटे पुन्हा ठणठणीत. असा दिवस-रात्रीचा फरक दिसला की यंत्राआधी जागा बघायची.

फ्रिजच्या मागच्या किंवा आतल्या पट्टीवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. टी वर्ग म्हणजे भोवतालची हवा १६ ते ४३ अंश असेल तोवर यंत्र ठरल्याप्रमाणे चालेल, एसटी असेल तर ३८ पर्यंतच. विदर्भात बाहेर पारा ४५ वर जातो आणि आमचा फ्रिज पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला चिकटून, शेजारी शेगडी. त्या कोपऱ्यात किती असेल याचा विचार करा. नव्या फ्रिजला मागे काळी जाळी नसते, गरम नळ्या दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असतात. पत्रा गरम लागणं हा दोष नाही, पण त्या उष्णतेला निघायला वाट पाहिजे. आम्ही फ्रिज आतल्या खोलीत हलवला आणि तिन्ही बाजूंना वीतभर जागा सोडली. दुसरं काहीही न करता आइसक्रीम घट्ट राहू लागलं. जुन्या फ्रिजला मागे जाळी असेल तर प्लग काढून ब्रशने तिची धूळ काढा.

पंढरपूरजवळच्या खेड्यातून

इकडे शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज बसतं. फ्रिजमागून दर काही मिनिटांनी "टक्" असा आवाज, मधे थोडी घरघर, पुन्हा "टक्". कॉम्प्रेसर उठायचा प्रयत्न करतो, उठत नाही, ओव्हरलोड (कॉम्प्रेसर जळू नये म्हणून असलेला स्विच) त्याला बंद करतो. आतला दिवा लागलेला असतो, त्यामुळे फ्रिज चालू आहे असंच वाटतं. २३० व्होल्टच्या जागी १६०-१७० येत होतं. स्टॅबिलायझर घेताना वीज परतल्यावर काही मिनिटं थांबून पुरवठा देणारा बघून घ्या, कारण बंद पडल्याबरोबर लगेच चालू केलं तर नळ्यांतला दाब उतरलेला नसतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. व्होल्टेज बरोबर असूनही टक्-टक् होत असेल तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) बघायला लावा. आमच्या शेजाऱ्यांच्या रिलेत मुंग्या निघाल्या.

मालवण

सगळे गॅसचा दोष नाही म्हणतायत, पण आमचा खरंच गॅसचा होता. किनाऱ्यावर खारं वारं आहे, लोखंडी नळ्या गंजतात. साधा सिंगल डोअर. फ्रीझरच्या एका बाजूला दाट बर्फ, दुसरी बाजू कोरडी. कॉम्प्रेसर थांबायचं नाव नाही. अर्धवट जमलेला बर्फ ही गॅस कमी असल्याची किंवा वाट अडल्याची खूण. आमच्या मेकॅनिकने साबणाचा फेस लावून मागच्या जाळीच्या वळणावर बुडबुडे दाखवले, तेव्हाच आम्ही खर्चाला हो म्हटलं. जाळी नवी बसवून, रंग लावून घेतली.

इथे पुष्कळ घरांत सुरमईच्या तुकड्या बर्फात रुतल्या की सुरीने उचकटतात. फ्रीझरची भिंत पातळ ॲल्युमिनियमची आहे आणि तिच्यातूनच गॅस जातो. एक टोचा लागला की संपलं. गरम पाण्याचं पातेलं आत ठेवा, दहा-पंधरा मिनिटं धीर धरा.

आणि अशा वेळी मासळीचा मोह धरू नका. पूर्ण वितळून बराच वेळ तशीच राहिलेली मासळी पुन्हा गोठवून खायची नाही, कितीही महाग असली तरी.

न्यू जर्सी

आमच्या गॅरेजमधल्या जादा फ्रिजने थंडीतच दगा दिला. बाहेर बर्फ पडतोय आणि फ्रीझरमधल्या पुरणपोळ्या मऊ! कारण कळल्यावर सगळं जुळलं. या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅट एकच, तोही खालच्या कप्प्यात. गॅरेजच दोन-तीन अंशांवर आलं की खालचा कप्पा आपोआप गार राहतो, थर्मोस्टॅटला कॉम्प्रेसर लावायचं कारणच उरत नाही, आणि फ्रीझर हळूहळू गॅरेजइतका होतो. थर्मोस्टॅटजवळ बसवायचा लहानसा हीटर मिळतो, तो लावल्यावर कॉम्प्रेसर पुन्हा नियमित चालायला लागला. थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी गॅरेजसाठी फ्रिज घेताना तो किती खालच्या तापमानापर्यंत चालतो ते आधी विचारावं.

नाशिक

गावाला जाताना वाटीत पाणी गोठवून त्यावर नाणं ठेवून जाते. परत आल्यावर नाणं वर असेल तर ठीक. तळाशी गेलं असेल तर मधे वीज जाऊन सगळं वितळून पुन्हा गोठलंय, ते सामान टाकायचं. वीज गेल्यावर दार उघडलं नाही तर भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास धरतो, अर्धा भरलेला २४.

ठाणे

सांगलीच्या दादांना विचारायचंय. फ्रॉस्ट फ्री आहे, काटा उणे १० वर. रबर ठीक, जाळी मोकळी, मागच्या पॅनलवर बर्फ नाही, कॉम्प्रेसर गरम लागतो. पंख्याचा आवाज मात्र येत नाही. दार उघडून ऐकलं.

सांगली, फ्रिज-एसीचं काम करतो

दार उघडलं की बऱ्याच मॉडेलमध्ये पंखा थांबतोच, तसं ऐकून कळणार नाही. चौकटीत दाराचं बटण असेल ते बोटाने दाबून धरा आणि मग ऐका. आवाज आला नाही तर अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा बघा, कारण डीफ्रॉस्ट चालू असताना आणि त्यानंतर काही मिनिटं पंखा बंद असतो. दोन्ही वेळेला शांत असेल तर पंख्याची मोटर, तिची वायर किंवा ते बटणच गेलंय. उंदीर वायर कुरतडतात, तेही बघायला सांगा. मोटर बदलणं थोडक्यात होतं, नळ्यांना हात लावावा लागत नाही. कुणी आल्या आल्या गॅसची टाकी काढली तर थांबवा आणि आधी पॅनल उघडायला लावा. काय निघालं ते इथे कळवा.