मदत हवी आहे: लसूण ठेचून लगेच फोडणीत टाकला तर गुण राहतो का?

पौर्णिमा_सिंहगडरोड:
बाबांचं वय ६८. रक्तदाबाची गोळी चालू आहे, स्टेंटनंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलही. कुणीतरी त्यांना रोज अनशापोटी लसणाच्या दोन अख्ख्या पाकळ्या गिळायला सांगितलंय. मंडईतून गावरान लसूण आणलाय. अख्खी पाकळी गिळून उपयोग होतो का? फोडणीत गुण जळून जातो का? आणि मुख्य म्हणजे, या गोळ्यांबरोबर चालतं का? सोललेल्या पाकळ्या तेलात बुडवून बाटली ओट्यावर ठेवली आहे, तेही सांगा.

रसायनी:
लसणाचा गुण मुख्यतः ॲलिसिन या गंधकयुक्त संयुगात, आणि अख्ख्या पाकळीत ते जवळपास नसतंच. ते ज्यापासून बनतं ते ॲलिइन एका कप्प्यात आणि ॲलिनेज हे विकर दुसऱ्या कप्प्यात असतं. पाकळी चिरली, ठेचली की दोन्ही भेटतात आणि बघता बघता ॲलिसिन तयार होतं. तो झणझणीत वास त्याचाच. न चावता गिळलीत तर जठरातल्या आम्लात विकर निकामी होतं.

उष्णतेनेही तेच होतं. सोललेली पाकळी एक मिनिट मायक्रोवेव्हमध्ये ठेवली तरी विकर बंद पडतं. म्हणून खलबत्त्यात ठेचा, १० मिनिटं तशीच राहू द्या, मग कढईत घाला. शिजताना ॲलिसिन मोडतं, पण त्यातून होणारे डायअलिल डायसल्फाइडसारखे पदार्थ थोडेफार उरतात, म्हणजे सगळंच वाया जात नाही. लिंबू किंवा व्हिनेगर मात्र ठेचल्यावर लगेच घालू नका. लोणच्यात लसूण हिरवा-निळा पडतो ना, ती गंधकयुक्त संयुगांची रासायनिक क्रिया असते. खायला अपाय नाही.

औषधविक्रेता_कोथरूड:
बाबांच्या बाबतीत थांबा. ठेचलेला लसूण तेलात राहिला की अजोईन तयार होतं, आणि ते रक्तातल्या प्लेटलेट्सना चिकटू देत नाही. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलचं कामही तेच. तिन्ही मिळून हिरड्यांतून रक्त येणं, काळेनिळे डाग पडणं असं होऊ शकतं. भाजी-आमटीतला लसूण चालतो, रोजच्या कच्च्या पाकळ्या आणि लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान ७ दिवस आधी कच्च्या पाकळ्या आणि लसणाच्या कॅप्सूल बंद करतात. मात्र स्टेंटच्या गोळ्या स्वतःहून एक दिवसही सोडायच्या नाहीत.

रक्तदाबावर परिणाम दिसतो, पण थोडाच, आणि तो मुळात ज्यांचा जास्त आहे त्यांच्यात. गोळीला पर्याय म्हणून धरू नका.

पौर्णिमा_सिंहगडरोड:
कळलं, पाकळ्या बंद करते. आणि ती बाटली?

रसायनी:
ती आजच टाकून द्या, चाखूनही बघू नका. मातीतून येणारे बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू लसणावर असू शकतात. तेलाखाली हवा नाही, लसणात आम्ल कमी, ओट्यावर ऊब, म्हणजे त्यांना हवं ते सगळं मिळालं. विष तयार झालं तरी वास किंवा रंग बदलेलच असं नाही. १९८५ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला अशाच लसूण-तेलातून बोटुलिझमची, म्हणजे या विषाच्या बाधेची, साथ आली होती. करायचंच तर थोडं करा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि ४ दिवसांत संपवा.


औषधविक्रेता_कोथरूड:
आणि दुखऱ्या गुडघ्यावर ठेचलेला लसूण बांधून ठेवू नका. भाजल्यासारखे फोड येतात, वयस्कर माणसांच्या पातळ कातडीवर तर लवकरच.