शब्दचर्चा : स्तुती आणि खुशामत

प्रश्न
साहेबाचे गुण त्याच्या तोंडावर गाणारा तो लाळघोट्या, स्तुतिपाठक. देवाचे गाणारा मात्र भक्त. कृती तीच, मग एकीला शिवी नि दुसरीला पुण्य का? आणि सर्वज्ञ देवाला आपलं कौतुक ऐकायची हौस कशाला? 'स्तुती' या शब्दाची छटाच मुळात वेगळी आहे का?

प्रतिसाद
धातू 'स्तु'. स्तोत्र, स्तवन, स्तोता (स्तुती करणारा), एवढंच काय 'प्रस्ताव'सुद्धा त्यातलाच. सामगानाच्या, म्हणजे यज्ञात गायच्या सामवेदी गाण्याच्या, पहिल्या भागाला प्रस्ताव म्हणत. आता तो सोसायटीच्या सभेत मांडतात.

जुन्या वापरात 'स्तुती' अजिबात निरपेक्ष नाही. ऋग्वेदात (मंडल ८, सूक्त १४) ऋषी इंद्राला सुनावतो की तुझ्यासारखा मी एकटा धनाचा मालक असतो, तर माझ्या स्तोत्याकडे गाई असत्या. चक्क टोमणा! आणि सर्वज्ञ, परिपूर्ण देव तेव्हा डोळ्यांसमोर नव्हताच. सोम पिऊन आणि स्तोत्रं ऐकून इंद्राचं बळ वाढतं, अशी समजूत होती. म्हणजे हौस नव्हे, खुराक. देव परिपूर्ण झाला तेव्हा खुराकाचं कारण संपलं, स्तोत्रं मात्र राहिली. तुमचा प्रश्न तिथून सुरू होतो.

शंकाही नवी नाही. ऋग्वेदातच ८.१०० मध्ये नेम नावाचा ऋषी म्हणतो, इंद्र नाहीच, कोणी पाहिलाय त्याला? 'कमभि ष्टवाम', स्तुती करायची कुणाची? पुढच्याच ऋचेत इंद्र हजर होतो, 'हा बघ मी'. स्तोत्यांची सोय झाली.

प्रतिसाद
फलश्रुती, म्हणजे स्तोत्र म्हटल्याने काय मिळेल ते सांगणारा शेवटचा भाग, विसरू नका. संकटनाशन गणेशस्तोत्रात विद्यार्थ्याला विद्या, धनार्थ्याला धन, शिवाय मुदतही: सहा महिन्यांत फळ, वर्षभरात सिद्धी, 'नात्र संशयः'. याला खुशामत म्हणवत नसेल तर करार म्हणा.

प्रतिसाद
पण बोलीत 'मी देवाची स्तुती करतो' असं म्हणतं कोण? आरती म्हणतो, भजन करतो, नाव घेतो, आळवतो. 'आळवणे'त कौतुकापेक्षा विनवणी जास्त, रागही आळवतात. आणि सगळीच गाणी गोड नसतात. जनाबाईच्या नावावरच्या अभंगात विठोबा 'विठ्या' आणि 'मूळ मायेच्या कारट्या' होतो. साहेबाला असं म्हणून बघा. ज्ञानेश्वरीत तर 'स्तुति कांहीं न बोलणें' हीच स्तुती ठरवली आहे (तेही ओव्यांवर ओव्या लिहून, ही गंमत वेगळी).

प्रश्नकर्ता
विठ्या पटला. मग सरळ स्तवनाचं समर्थन कुणी केलंय का?

प्रतिसाद
शिवमहिम्नात, म्हणजे शंकराच्या संस्कृत स्तोत्रात, आहे. बृहस्पतीच्या वाणीनेही तुला नवल वाटणार नाही, मी गुण गातो ते माझी वाणी शुद्ध व्हावी म्हणून, असं कवी म्हणतो. उत्तर प्रामाणिक आहे, पण त्यात देव श्रोता उरत नाही, रियाजाचं निमित्त होतो. नास्तिकालाही एवढं मान्य करायला हरकत नसावी.

खुशामतीशी नातं मात्र तुटत नाही. ऋग्वेदातच 'दानस्तुती' आहेत: गाई-घोडे देणाऱ्या राजांची नावं घेऊन केलेली वाखाणणी, काही तर इंद्रसूक्तांच्याच शेवटी जोडलेली. ऋषीही तेच, धातूही तोच.