लेबरला सवय नाही म्हणणाऱ्यांनो, संडास कितव्या मजल्यावर आहे?

परळकर: काल रीडेव्हलपमेंटच्या चर्चेत एका महाशयांनी लिहिलं, साइटवरच्या लेबरला कितीही सोयी द्या, घाणच करणार. डोकंच फिरलं. आमच्या समोर टॉवर चाललाय, संडास दोन, दोन्ही तळाला गेटपाशी. अठराव्या मजल्यावर सळई बांधणारा माणूस तेवढ्यासाठी खाली उतरून परत वर चढणार? बाया तर दिवसभर पाणीच पीत नाहीत. कामगारांना कामावर असताना कधीही जाता येईल अशा सोयीच्या जागी पुरेसे संडास हवेत, हे 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यातच आलं होतं, कलम 33.

साइटवाला: कलम वाचणं सोपं असतं हो. माझे केस साइटवर पांढरे झाले. संडास बांधून दिले तर आत सिमेंटच्या गोण्या कोंबल्या आणि नळ काढून विकले, आता बोला.

डासग्रस्त: संडासाचं राहू द्या, आधी लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी उपसा! आमच्या मजल्यावर दोघांना मलेरिया, बिल्डर म्हणतो डास तुमच्याच गटारातले.

साइटवाला: मग स्लॅबला पाणी मारायचं नाही का? किमान 7 दिवस ओला ठेवावाच लागतो, नाहीतर उद्या गळती लागली की परत तुम्हीच बोंबलणार.

डासग्रस्त: मारा ना, साठवता कशाला? मुंबईत मलेरिया पसरवणारा डास गटारात नाही, स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस. आठवड्यातून एकदा सगळं पाणी काढून कोरडं करा, नाहीतर ओली गोणपाटं टाका. एवढं इंजिनिअरला मी सांगायचं?

साइटवाला: आधी तुमच्या गच्चीवरच्या टाकीला झाकण आहे का बघून या, मग शिकवा.

डासग्रस्त: आहे. कुलूपही आहे. फोटो टाकू?

चेंबूरची काकू: आणि धुळीचं काय? 2023 ला पालिकेने साइटभोवती 25 नि 35 फुटी पत्रे सक्तीचे केले, तरी वाळत घातलेले कपडे परत धुवावे लागतात.

परळकर: काकू, पत्र्यांचा फायदा एकच, मागे संडास आहे की नाही हे रस्त्यावरून दिसत नाही. मूळ मुद्द्यावर या की लोकहो.

साइटवाला: बरं बाबा, दर चार-पाच मजल्यांवर मुतारी ठेवू, झालं समाधान? पण रोज धुणार कोण? ठेकेदार म्हणतो रेटमध्ये बसत नाही.

परळकर: लॉबीतला इटालियन मार्बल बरा बसतो रेटमध्ये.