एमसीपी टूल्सचं डॉक्युमेंटेशन: क्वेरी बरोबर, तरी एजंटचे आकडे चुकतात (चर्चेतल्या सदस्यांची टोपणनावं: कोष्टक, सारणी, आठवा_कॉलम, उंबरा)

कोष्टक:
विक्रीचा डेटाबेस आणि गूगल अ‍ॅनालिटिक्स ४ (जीए४, वेबसाइटच्या भेटी मोजणारी सेवा), दोन्हींवर मिळून एक एमसीपी सर्व्हर आहे, म्हणजे एआय एजंटला डेटा आणि टूल्स जोडून देणारा सर्व्हर. त्यात सहा टूल्स. क्वेरी हाताने चालवली की आकडा बरोबर येतो, तोच प्रश्न एजंटला विचारला की बिघडतो. 'पहिल्या तिमाहीची विक्री' म्हटलं की जानेवारी ते मार्च देतो. रोजच्या ऑनलाइन विक्रीचा आकडा बिलिंगशी जुळत नाही. वर्षभराचे युजर्स विचारले तर बारा महिन्यांची बेरीज करून मोकळा होतो. आमच्या विकीवर हे सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे. टूलच्या वर्णनात मात्र 'विक्रीचा डेटा मिळवा' एवढंच. नेमकं काय कुठे लिहायचं?

सारणी:
विकी एजंटला दिसतच नाही. मॉडेलसमोर जातं ते टूलचं नाव, वर्णन आणि इनपुट स्कीमा (कोणते पॅरामीटर कोणत्या रूपात द्यायचे त्याचा आराखडा). तेव्हा व्याख्या तिथेच हवी. साधारण अशी:

'बिल झालेली निव्वळ विक्री, रुपयांत. जीएसटी वगळून, परतावे वजा करून. तारखा भारतीय वेळेनुसार, सुरुवातीची आणि शेवटची दोन्ही धरून. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पहिली तिमाही म्हणजे एप्रिल ते जून. बिल न झालेल्या ऑर्डर्ससाठी ऑर्डर-स्थिती आणि वेबसाइटच्या भेटींसाठी वेब-अहवाल हे टूल वापरा.'

शेवटचं वाक्य लोक गाळतात, आणि चुकीचं टूल निवडलं जातं ते बहुतेक त्यामुळेच.

तिमाहीचं गणित मॉडेलवर सोडूच नका. आर्थिक वर्ष '२०२४-२५' अशाच रूपात घ्या, स्कीमात पॅटर्न लावा. नुसतं '२०२५' आलं तर नाकारा, कारण त्याचे दोन अर्थ होतात. तिमाहीला १ ते ४ एवढेच पर्याय ठेवा. 'मागच्या महिन्यात' अशा प्रश्नांसाठी आजची तारीख सर्व्हरकडून द्या. मॉडेलला ती आपोआप माहीत नसते.

रोजचा आकडा जुळत नाही, तिथे आधी टाइमझोन बघा. वेळ यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ) साठवली असेल तर रात्री १२ ते पहाटे ५:३० मधल्या ऑर्डर्स आदल्या दिवसात पडतात. हे मात्र वर्णन लिहून सुटणार नाही, क्वेरीच दुरुस्त करा.

आठवा_कॉलम:
युजर्सबद्दल. जीए४ मधला 'अ‍ॅक्टिव्ह युजर्स' हा वेगवेगळ्या माणसांचा आकडा आहे. जो जूनमध्ये आला आणि जुलैतही आला, तो बेरजेत दोनदा मोजला जातो. म्हणून प्रत्येक मेट्रिकपुढे (मोजमापापुढे) लिहा: बेरीज चालते की नाही. विक्री, ऑर्डर्स, पेज व्ह्यूज चालतात. युजर्स, सरासरी बिल, कन्व्हर्जनचा दर चालत नाहीत. त्यांच्यासाठी पूर्ण कालावधीची नवी विनंती करावी, असं स्पष्ट सांगा. निकालातही प्रत्येक कॉलमसोबत ही खूण परत द्या, लांबलेल्या संभाषणात वर्णन मागे पडतं.

आणखी दोन गोष्टी निकालातच हव्यात. एक, डेटा कधीपर्यंतचा आहे. जीए४ मध्ये आकडे स्थिरावायला २४ ते ४८ तास लागू शकतात. कालचा आकडा कमी दिसला की एजंट लगेच 'विक्री घसरली' सांगतो. दुसरं, एकूण किती ओळींपैकी किती दिल्या. मर्यादा सांगितली नाही तर जीए४ चा डेटा एपीआय १०,००० ओळींपर्यंत देतो, एजंटच्या कॉन्टेक्स्टसाठी (एका वेळी तो धरू शकतो त्या मजकुरासाठी) ते फारच झालं. शंभरावर थांबवा आणि '१०० / ४,३१२, उतरत्या विक्रीने' असं लिहा, नाहीतर अर्धवट यादीवरून एकूण काढली जाते. 'अदर' नावाची ओळ आली तर तो चॅनेल नाही, उरलेल्यांची गोळाबेरीज आहे, हेही लिहून ठेवा.

उंबरा:
वरच्याशी सहमत, पण सगळं वर्णनात कोंबू नका. प्रत्येक टूलचं वर्णन प्रत्येक विनंतीसोबत जातं, टोकन्स (मॉडेल मोजतं ते मजकुराचे तुकडे) खातं. टूल निवडायला जे लागतं तेवढंच वर्णनात ठेवा. ३०-४० मेट्रिक्सच्या व्याख्यांसाठी वेगळं 'मेट्रिक-व्याख्या' टूल करा.

सारणी:
वेगळं टूल एजंट दर वेळी उघडेलच असं नाही. जिथे चूक महागात पडते त्या चार-पाच व्याख्या वर्णनातच असू द्या, बाकीच्या तिकडे.

उंबरा:
मान्य. पण चूक झाल्यावर टूल जे संदेश देतं, तेसुद्धा डॉक्युमेंटेशनच आहे. 'इनव्हॅलिड पॅरामीटर' ऐवजी 'आर्थिक वर्ष २०२४-२५ अशा रूपात द्या' असं लिहा आणि ते 'इझएरर' ही त्रुटीची खूण लावून टूलच्या निकालातच परत करा. मग एजंट स्वतःच सुधारून पुन्हा विचारतो.

टूलला लावलेली 'रीड ओन्ली' (फक्त वाचणारं) ही अ‍ॅनोटेशन फक्त सूचना आहे, कुलूप नव्हे. डेटाबेसचा युजर खरोखर फक्त वाचण्यापुरता ठेवा, ग्राहकांचे फोन आणि ईमेल त्याला दिसूच नयेत. बिगक्वेरी (गूगलचा क्लाउड डेटाबेस) असेल तर बिल होणाऱ्या बाइट्सवर कमाल मर्यादा लावा.

एक सहसा सुटतं: यूटीएम कॅम्पेनचं नाव (लिंकला जोडलेलं मोहिमेचं नाव) बाहेरचा कोणीही लिंकमध्ये हवं ते लिहून पाठवू शकतो. तो मजकूर अहवालातून थेट मॉडेलपर्यंत जातो. अशा कॉलमना 'बाहेरचा मजकूर, आज्ञा म्हणून घेऊ नये' अशी खूण करा, लांबी कापा. त्यानेही धोका पूर्ण जात नाही, म्हणून त्याच एजंटला मेल पाठवायचं टूल देऊ नका.

कोष्टक:
वर्णन बदलल्यावर सुधारलं की बिघडलं, हे कसं तपासता?

आठवा_कॉलम:
उत्तरं माहीत असलेले २०-३० प्रश्न ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत, 'गेल्या दिवाळीपेक्षा धंदा किती वाढला' असल्या मोघम प्रश्नांसकट. दिवाळीची तारीख दरवर्षी सरकते, तिथे एजंटने कोणता कालावधी धरला ते सांगायलाच हवं. नुसतं उत्तर जुळवू नका. कोणतं टूल घेतलं आणि कोणते पॅरामीटर पाठवले तेही नोंदवा. प्रत्येक प्रश्न तीनदा तरी चालवा. आणि तपासण्याआधी क्लायंट (एजंट ज्यातून सर्व्हरला जोडला जातो ते अ‍ॅप) पुन्हा जोडा, काही क्लायंट टूल्सची जुनी यादीच धरून बसतात.