क्वीनचा तो समूहस्वर तीनच गळ्यांत कसा बांधायचा?

सप्तसूर: क्वीन या बँडच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' गाण्याचा मधला ऑपेरा भाग घरी रेकॉर्ड करायचा आहे. तीन गायक, एक माइक, लॅपटॉप. एकच टेक (एकदा गाऊन केलेलं रेकॉर्डिंग) आठ-दहा वेळा कॉपी करून थोडा थोडा सरकवला, पण समूह वाटतच नाही, आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. कुठे चुकतंय?

टेपवाला: कॉपीतच चुकतंय. तोच आवाज १०-२० मिलिसेकंद सरकवला की काही फ्रिक्वेन्सी एकमेकींना खोडतात, म्हणून तो डबा. दर वेळी सूर, श्वास आणि वेळ केसभर वेगळी पडते तेव्हाच कानाला घोळका जाणवतो. थर नव्यानेच गायला हवा.

१९७५ मध्ये क्वीनचे फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर तिघेही मिळून कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या सुरांमधला) एकच सूर गात, तो पुन्हा गाऊन जाड करत, मग पुढचा सूर घेत. तसंच करा. तिघांनी एका माइकभोवती उभं राहायचं, तीन सूर, प्रत्येक सुराचे दोन टेक. सहाच ट्रॅक, पण आवाज अठरा. सूर वाटून घेतलेत तर तीन वेगळी माणसं ऐकू येतील.

काळीपाच: वरच्याला जोड. माइकपासून दोन-अडीच फूट लांब. ज्याचा आवाज टोकदार आहे त्याने आणखी एक पाऊल मागे. शब्दाच्या शेवटचे 'स', 'त' फक्त एका ट्रॅकवर ठेवा, बाकीच्यांवर गिळा. नाहीतर सहा ट्रॅकवर सहा 'स' फुटतात आणि तो गोंधळ मिक्समध्ये निस्तरत नाही. ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) घट्ट लावू नका, सगळे थर एकाच रेषेत आले की जाडी गेली.

हा भाग पांढरी सहात (पेटीच्या पट्टीत, म्हणजे A) सुरू होतो. शेवटी रॉजर वरच्या काळी पाचला (B फ्लॅट) जातो. तो सूर कुणाला लागत नसेल तर सोडून द्या. सॉफ्टवेअरने वर ओढलेला आवाज लगेच उघडा पडतो.

सप्तसूर: मग एवढे थर त्यांच्या टेपवर मावले कसे? आणि क्वीनवरच्या २०१८ च्या चित्रपटात गातंय कोण?

टेपवाला: टेप २४ ट्रॅकची. भरली की अनेक ट्रॅक मिसळून एक-दोनवर उतरवायचे आणि मोकळ्या जागी पुढचे थर. एकदा उतरवलं की आतला एखादा आवाज कमी-जास्त करता येत नाही, शिवाय प्रत्येक उतरवणीत सुरसुर वाढते. टेप इतकी फिरली की तिचा लेप झिजून आरपार दिसायला लागलं.

चित्रपटात बहुतांश आवाज फ्रेडीच्या मूळ रेकॉर्डिंगचा. जिथे ते नव्हतं तिथे फ्रेडीसारखा गाणारा गायक मार्क मार्टेल, आणि थोडा फ्रेडीची भूमिका करणाऱ्या रामी मलेकचा. ध्वनीची दोन्ही ऑस्कर या चित्रपटाला मिळाली, आणि ती रास्तच होती. पण पडद्यावर या गाण्याला दुसरा जन्म मिळाला तो १९९२ च्या 'वेन्स वर्ल्ड'मधल्या गाडीच्या दृश्याने. १९७६ मध्ये अमेरिकेत नवव्या क्रमांकावर थांबलेलं गाणं तेव्हा दुसऱ्यावर पोचलं.

काळीपाच: सहा ट्रॅक डावी-उजवीकडे वाटताना एका सुराचे दोन टेक दोन बाजूंना टाका. दोन्ही एकाच बाजूला गेले तर कॉर्ड कलते.