धुकं, पऱ्या आणि घागरेवाले नायक : यात एवढं आहे तरी काय?

रातकिडा
काल पुन्हा रात्री दोनपर्यंत जागून एक स्कॉटिश कादंबरी संपवली. साचा ठरलेला. धुक्यातली गढी, कुळाचा रागीट म्होरक्या, घराण्याला लागलेला पऱ्यांचा शाप आणि तो उतरवायला (खरं तर वाट चुकून) आलेली मुलगी. मुखपृष्ठावर थंडी न वाजणारा उघडाबंब माणूस. नवरा विचारतो, याला सदरा का देत नाहीत?

हसा खुशाल. मला हे का आवडतं ते टॅम लिनचं जुनं स्कॉटिश कथागीत वाचल्यावर कळलं. १५४९ सालच्या एका ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, म्हणजे निदान तेवढं तरी जुनं. एट्रिक आणि यॅरो नद्यांच्या संगमाजवळ कार्टरहॉ नावाचं रान. तिकडे फिरकायचं नाही असं मुलींना बजावलेलं, म्हणून जेनेट जाते. गुलाब खुडते, तर टॅम लिन समोर उभा. घोड्यावरून पडला तेव्हा परीराणीने त्याला उचललेलं. दर सात वर्षांनी पऱ्या नरकाला खंडणी भरतात, आणि यंदा आपलीच पाळी अशी त्याला धास्ती. सुटकेचा उपाय एकच. हॅलोविनच्या रात्री पऱ्यांची स्वारी निघेल तेव्हा काळा घोडा जाऊ द्यायचा, तपकिरी जाऊ द्यायचा, पांढऱ्यावरच्याला खाली ओढायचं आणि मिठी सोडायची नाही. तो साप होतो, सिंह होतो, तापलेलं लोखंड होतो. ती सोडत नाही. आणि बाई पोटुशी आहे हो!

राजकन्येने झोपून राहायचं आणि राजपुत्राने उठवायला यायचं, हे ऐकत मोठ्या झालेल्या मला इथे कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटलं.

ताकभात
ताई, गोष्ट झकास सांगितलीत. पण एका जेनेटच्या पुण्याईवर किती पुस्तकं खपवायची? १६ एप्रिल १७४६ ला स्कॉटलंडात कलोडनच्या माळावर सरकारी फौजेने तासाभराच्या आत हजारांवर बंडखोर डोंगरी माणसं कापली. मग कायदाच आला. किल्ट, म्हणजे त्यांचा तो घागरा, घातलेला पुरुष पहिल्यांदा सापडला तर सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार हद्दपार. बंदी उठली १७८२ मध्ये. पुढे मेंढ्या पाळायला जमीन हवी म्हणून सदरलँडच्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातली कुळं हुसकली, घरांना आगी लावल्या.

आणि याच दऱ्यांत आपला नायक मशालीच्या उजेडात गेलिकमधून, म्हणजे त्या डोंगरी लोकांच्या भाषेतून, लाडीगोडी लावतो. गढीत कुणाला खरूज नाही, कुणाचा खंड थकलेला नाही. धरणात गेलेल्या गावाच्या काठावर रिसॉर्ट बांधून चुलीवरची भाकरी विकतात ना, तसं वाटतं मला.

जुनं बाड
जरा कीस पाडतो. कार्टरहॉ सेलकर्कजवळ, म्हणजे दक्षिणेला, इंग्लंडच्या सीमेकडे. टॅम लिन स्कॉट्स भाषेतलं, गेलिकमधलं नव्हे. परी एका मुलखातली, किल्ट दुसऱ्या, उत्तरेकडच्या डोंगरी मुलखाचा. ही मोट बांधण्यात लेखक सर वॉल्टर स्कॉटचा हात मोठा. १८०२ पासून त्याने सीमेवरची कथागीतं छापली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला तेव्हा स्वागताचा सगळा थाट टार्टनचा, म्हणजे किल्टच्या चौकड्यांच्या कापडाचा, केला. राजाही किल्टमध्ये, खाली कातडीच्या रंगाची तंग तुमान! बंदी उठून फक्त चाळीस वर्षं झाली होती. ताकभात, राग काढायचाच तर तिथून सुरुवात करा.

रातकिडाताई, तुमच्या यजमानांना सांगा, सदरा असायचाच. कमरेला पट्ट्याने आवळलेल्या लांबलचक लोकरी वस्त्राच्या आत घालत. आणि ते वस्त्रही १६ व्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतं. तेराव्या शतकातल्या नायकाला किल्ट म्हणजे शालिवाहनाला सफारी सूट.

रातकिडा
सफारी सूट :)

ताकभात, दुःख परीकथेच्या बाहेर असतं असं का धरून चाललात? ऑर्कनी-शेटलंड बेटांकडच्या सेल्कीच्या गोष्टी घ्या. सील किनाऱ्यावर कातडं उतरवून बाई होते, एक माणूस ते लपवतो, तिच्याशी संसार थाटतो. मुलं होतात. एक दिवस कातडं हाती लागतं आणि ती सगळं टाकून समुद्रात जाते. चांगली लेखिका इथे विचारते की त्याने कातडं आपणहून परत दिलं असतं, तर ती राहिली असती का? मी त्या एका प्रश्नासाठी तीनशे पानं वाचते.

निवडुंग
मीही वाचते, वर्षाला वीसेक. पण ताई, तुम्ही टॅम लिन धुऊनपुसून सांगितलात. रानात आलेल्या मुलीकडून अंगठी, हिरवी शाल नाहीतर कौमार्य वसूल करणारा बुवा तो. काही पाठांत तो जेनेटला विचारतही नाही. पुढे ती गर्भ पाडायची वनस्पती खुडायला जाते, तेव्हा हाच आडवा येतो. आजच्या पुस्तकांतलं 'आधी पळवली, मग प्रेम जडलं' त्याच रानातून आलंय.

रातकिडा
गाळलं खरं. अडचणीचं होतं म्हणूनच. तरी शेवट बघा. चिडलेली परीराणी टॅम लिनला म्हणते, आधी कळलं असतं तर तुझे डोळे काढून लाकडाचे बसवले असते. झुंज दोन बायकांची आहे, तो नुसता ओढाताणीत. मला ती झुंज हवी असते, त्याच्यावर माझा जीव नाही. (मुखपृष्ठावरच्यावर थोडा आहे.)

ताकभात
प्रामाणिकपणाबद्दल एक चहा माझ्याकडून. तरी एक सांगतो. स्कॉटलंडातल्या एअरशरची बेसी डनलॉप झाडपाल्याची औषधं द्यायची. म्हणायची, १५४७ च्या पिंकीच्या लढाईत मेलेला टॉम रीड येऊन मला उपाय सांगतो, त्याच्यासोबत परीलोकाची माणसंही भेटली. १५७६ मध्ये तिला चेटकीण ठरवून जाळलं. तिच्यावर कुणी अशी कादंबरी लिहिलेली सापडली तर कळवा, मी वाचेन.

निवडुंग
शेवट गोड करावा लागेल हं. तिला कोण सोडवणार?

ताकभात
टॉम रीड तर आधीच मेलाय. बघा तुम्हीच.